पिएर फोशार

पिएर फोशार (जन्म : इ.स. १६७८-७९ च्या सुमारास, मृत्यू : मार्च १७६१, पॅरिस) हे फ्रेंच दंतशल्यचिकित्सक व ग्रंथकार होते. त्यांना आधुनिक दंतवैद्यकाचे जनक मानले जाते. १७२८ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा 'ल शिरुर्जियें दाँतिस्त' (अर्थ : दंतशल्यवैद्य) हा द्विखंडी ग्रंथ दंतवैद्यकाची सर्व अंगे एकत्र मांडणारा पहिला शास्त्रीय ग्रंथ समजला जातो. दुखरा दात उपटून टाकण्याऐवजी आतून स्वच्छ करून, त्यातील ठणका शमवून, भरून तो तोंडातच टिकवावा, या विचाराला त्यांनी निश्चित कार्यपद्धतीचे रूप दिले. आज 'रूट कॅनाल' या नावाने परिचित असलेल्या उपचाराच्या इतिहासात त्यामुळे त्यांचे नाव आरंभीच घेतले जाते.

पार्श्वभूमी

सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये दातांचे दुखणे हा विद्यापीठात शिकलेल्या वैद्याचा विषय नव्हता. वैद्य औषध सांगत. हाताने करावयाची कामे शल्यवैद्य, न्हावी आणि जत्रेतील दात उपटणारे यांच्याकडे जात. पॅरिसमधील पों-नफ हा पूल अशा फिरत्या दातकाढ्यांसाठी प्रसिद्ध होता. 'थोरला तोमा' या अर्थाच्या नावाने ओळखला जाणारा धिप्पाड दातकाढ्या तेथे गर्दी जमवून भर रस्त्यात दात उपटत असे. १६९९ मधील एका राजाज्ञेने दातांचे काम करणाऱ्यांसाठी शल्यवैद्यांच्या संस्थेची परीक्षा आवश्यक ठरवली. परंतु परीक्षकांनाच या विषयाचे ज्ञान बेताचे असल्याने तिचा उपयोग मर्यादित राहिला. ही तक्रार पुढे फोशार यांनीही आपल्या ग्रंथात मांडली.

रस्त्यावरील भोंदूंच्या युक्त्या फोशार यांनी तपशिलाने नोंदवून ठेवल्या आहेत. गर्दीत पैसे देऊन उभा केलेला एखादा साथीदार रुग्ण म्हणून पुढे येई. पातळ पडद्यात कोंबडीच्या रक्तासह गुंडाळलेला दात दातकाढ्याच्या हातात लपवलेला असे. तो हातचलाखीने साथीदाराच्या तोंडात सरकवला जाई. मग गवताची काडी किंवा तलवारीचे टोक नुसते लावल्याचे नाटक झाले की साथीदार रक्तासह दात थुंकून दाखवी. वेदनेविना दात निघाला असे समजून खरे रुग्ण पुढे सरसावत, आणि त्यांच्या वाट्याला मात्र खरी वेदना येई.

दुसरी अडचण गुप्ततेची होती. ज्या थोड्या लोकांना काम खरोखर येत होते ते आपली हातोटी कोणाला दाखवत नसत. कारागीर मरण पावला की त्याच्याबरोबर त्याचे ज्ञानही संपत असे. फोशार यांच्या कार्याचे महत्त्व या परिस्थितीच्या संदर्भातच नीट कळते.

नौदलातील उमेदवारी

फोशार यांचा जन्म पश्चिम फ्रान्समधील सामान्य कुटुंबात झाला. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास ते फ्रेंच नौदलात दाखल झाले. तेथे आलेक्सांद्र पोतलरे या शल्यवैद्याच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी केली. पोतलरे यांनी तोंडाच्या व दातांच्या रोगांकडे विशेष लक्ष दिले होते आणि जहाजावर अशा रुग्णांची कमतरता नव्हती. ताजी फळे व भाजीपाला नसलेल्या महिनोन्महिन्यांच्या प्रवासात खलाशांना स्कर्व्ही होई. हिरड्या सुजून रक्त वाहू लागे आणि दात हलू लागत. तोंडाचा रोग माणसाला किती हतबल करतो हे फोशार यांनी कोवळ्या वयात पाहिले. गुरूचे ऋण त्यांनी पुढे ग्रंथात आदराने मान्य केले आहे.

आंजे येथील व्यवसाय

सुमारे तीन वर्षांनी नौदल सोडून ते आंजे या शहरात स्थायिक झाले आणि दातांच्या उपचाराचा व्यवसाय करू लागले. नाँत, रेन, तूर अशा आसपासच्या शहरांतही ते उपचारासाठी जात. या दोन दशकांच्या काळात त्यांचा हात तयार झाला. दंतवैद्यासाठी खास बनवलेली हत्यारे त्या काळी थोडीच होती. म्हणून घड्याळजी, सोनार आणि न्हावी यांच्या अवजारांत त्यांनी आपल्या कामापुरते बदल करून घेतले. घड्याळजीच्या कामाशी त्यांचा संबंध निव्वळ योगायोगाचा मानता येत नाही. दाताच्या मुळातील नळी केसासारखी बारीक असते आणि इतके नाजूक काम करणारी हत्यारे तेव्हा त्याच कारागिरांकडे होती.

'दंतशल्यवैद्य' या अर्थाचे नाव त्यांनी स्वतःला लावून घेतले. दातकाढ्या आणि शल्यवैद्य यांच्यातला फरक त्यातून लोकांच्या लक्षात यावा, हा त्यामागील हेतू होता.

पॅरिस आणि ग्रंथलेखन

१७१९ च्या सुमारास फोशार पॅरिसला आले आणि अल्पावधीत तेथे त्यांचा जम बसला. या विषयावरील चांगली पुस्तके वैद्यकीय ग्रंथालयांत नाहीत असे आढळल्यावर त्यांनी स्वतःच्या टिपणांवरून लेखनास प्रारंभ केला. १७२३ मध्ये सुमारे ६०० पानांचे हस्तलिखित तयार झाले. ते लगेच न छापता त्यांनी पॅरिसमधील नामवंत वैद्य व शल्यवैद्यांकडे अभिप्रायासाठी दिले आणि पुढील काही वर्षे दुरुस्तीत घालवली. प्रख्यात शरीररचनाशास्त्रज्ञ विन्स्लो यांच्यासारख्या विद्वानांची संमती मिळवून १७२८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी, १७३३ मध्ये, बर्लिन येथे त्याचा जर्मन अनुवाद निघाला. फोशार यांनी सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती १७४६ ची.

दातांची रचना, त्यांचे रोग, किडलेला भाग काढणे, दात भरणे, वेडेवाकडे दात सरळ करणे, निखळलेला दात पुन्हा बसवणे, कृत्रिम दात व कवळ्या तयार करणे हे सर्व विषय ग्रंथात आले आहेत. दातांशी संबंधित १०३ विकार त्यांनी नोंदवले. हत्यारांच्या आकृत्या ताम्रपटांवर कोरून दिल्या, त्यांचा आकार, धरण्याची रीत आणि वापरताना होणाऱ्या चुका सांगितल्या, स्वतः हाताळलेल्या रुग्णांच्या हकिगती जोडल्या. व्यवसायातील जे ज्ञान इतर जण जपून लपवत होते ते त्यांनी कोणालाही वाचता येईल अशा फ्रेंच भाषेत खुले केले. व्यवसायबंधूंना हे रुचणे अवघड होते. परंतु पुढच्या पिढीतील फ्रेंच दंतवैद्यांचे लेखन पाहता फोशार यांचाच मार्ग चालू राहिला असे दिसते.

दाताच्या मुळावरील उपचार

दाताच्या कठीण आवरणाच्या आत एक पोकळी असते. तीत मऊ मगज, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात आणि ही पोकळी बारीक नळीच्या रूपाने मुळाच्या टोकापर्यंत जाते. कीड या मगजापर्यंत पोहोचली की तो सुजतो. भोवतालच्या भिंती कठीण असल्याने सूज पसरायला जागा मिळत नाही, म्हणून दातदुखी इतकी असह्य होते. पुढे मगज सडतो आणि मुळाच्या टोकाशी पू साठतो. फोशार यांच्या काळी अशा दाताचा निकाल बहुधा चिमट्याने लागे.

फोशार यांनी वेगळा क्रम सांगितला. प्रथम किडका भाग खरवडून काढावा. वेदना थांबली नाही तर पोकळीत लवंगेच्या किंवा दालचिनीच्या तेलात भिजवलेला कापसाचा बारीक बोळा ठेवावा आणि काही दिवस तो बदलत राहावे. कीड नळीपर्यंत गेली असून आत पू झाला असेल, तर सुईच्या टोकाने पोकळीच्या तळाला वाट करून द्यावी, म्हणजे कोंडलेला पू बाहेर पडून ठणका उतरतो. यासाठी वापरायची सुई आधी विस्तवावर तापवून नरम करावी, म्हणजे ती न मोडता नळीच्या वळणाप्रमाणे वळते. आणि तिच्या नेढ्यात दोरा ओवून ठेवावा, म्हणजे हातातून निसटली तरी रुग्णाच्या घशात जात नाही. मुळातील काम करताना हत्यार रुग्णाने गिळू नये ही काळजी आजही घेतली जाते. त्यासाठी दाताभोवती रबराचा पातळ पडदा लावण्याची पद्धत १८६४ पासून रूढ झाली.

यानंतर दात काही महिने उघडाच ठेवला जाई. दुखणे पूर्ण थांबल्याची खात्री झाल्यावर पोकळीत शिशाचा पातळ पत्रा दाबून भरला जाई. या कामासाठी शिसे व कथील त्यांना सोयीचे वाटत, कारण ते मऊ असल्याने कानाकोपऱ्यांत नीट बसतात. सोन्याच्या भरणाला मोठी मागणी होती आणि तिचा फायदा घेणारेही होते: कथलाच्या वा शिशाच्या पत्र्याला पिवळा रंग देऊन तो सोने म्हणून विकला जाई, असे फोशार यांनी लिहून ठेवले आहे.

या कामात कोणतेही भूल देणारे औषध त्यांच्या हाताशी नव्हते. नायट्रस ऑक्साइड वायूचा दंतवैद्यकातील उपयोग १८४४ मध्ये, कोकेनचा स्थानिक भुलीसाठी १८८४ मध्ये आणि प्रोकेनचा १९०५ मध्ये सुरू झाला. म्हणजे फोशार यांचा रुग्ण सुई आत जाताना पूर्ण शुद्धीवर व संवेदनेसह खुर्चीत बसलेला असे. त्याचे हाल कमी करण्यासाठी हाताचे कौशल्य, घाई न करणे आणि बसण्याची सोय एवढेच उपाय उरत.

बसण्याच्या सोयीकडे त्यांनी दिलेले लक्ष उल्लेखनीय आहे. त्यापूर्वी रुग्णाला जमिनीवर बसवून त्याचे डोके दातकाढ्याच्या मांड्यांत पकडण्याचा प्रघात होता. ही रीत अस्वच्छ, भीतिदायक आणि गरोदर स्त्रियांना तर विशेष अपायकारक आहे असे सांगून फोशार यांनी रुग्णाला पाठीला आधार असलेल्या भक्कम आरामखुर्चीत, उजेडाकडे तोंड करून बसवण्याचा आग्रह धरला. दंतवैद्याच्या आजच्या खुर्चीची परंपरा येथपर्यंत मागे नेता येते.

उपचारानंतरचा आराम

फोशार यांच्या पद्धतीत दात उघडण्याइतकेच महत्त्व त्यानंतरच्या आठवड्यांना होते. बोळा बदलणे, तेल पुन्हा लावणे, दुखणे परतते का ते पाहणे आणि घाईने दात बंद न करणे, यांवर त्यांचा भर आहे. आत पू असताना दात बंद केला तर कोंडमारा होऊन वेदना दुपटीने परतते, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते. त्यामागील कारण, म्हणजे जंतुसंसर्ग, कळण्यास मात्र आणखी दीड शतक लागले. दात महिनोन्महिने उघडा ठेवण्याची त्यांची रीत आज त्याज्य मानली जाते, कारण उघड्या नळीत लाळेवाटे नवे जंतू शिरतात. आज नळी निर्जंतुक करून दोन भेटींच्या मध्ये तात्पुरत्या भरणाने बंद करतात आणि शेवटी गटापर्चा या रबरासारख्या पदार्थाने भरतात.

लवंगेचे तेल मात्र टिकून राहिले. त्यातील युजेनॉल हे द्रव्य दाताच्या मगजातील तंतूंची संवेदना मंदावते व दाह कमी करते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल यांचे मिश्रण तात्पुरत्या भरणासाठी वापरात आले आणि दंतवैद्याच्या दवाखान्यात येणारा परिचित वास त्याचाच असतो. महाराष्ट्रात दाढ दुखू लागली की घरोघरी लवंग धरायला सांगतात, ती त्याच द्रव्यामुळे उपयोगी पडते. शुद्ध तेल हिरडीवर सतत लावल्यास मात्र तेथील त्वचा भाजते.

आधुनिक रूट कॅनालनंतर दात दोन-तीन दिवस, क्वचित आठवडाभर, चावताना दुखरा राहतो. मगज काढलेला असूनही दुखते याचे अनेकांना आश्चर्य वाटते. ही वेदना दाताच्या आतली नसून मुळाच्या टोकाभोवतालच्या ऊतींची असते. त्या किंचित सुजल्याने तो दात इतरांपेक्षा उंच झाल्यासारखाही वाटतो. भरण खरोखरच उंच राहिले असल्यास दंतवैद्य ते घासून कमी करतो. भूल उतरेपर्यंत न खाणे (अन्यथा गाल वा जीभ चावली जाते), त्या बाजूने कठीण पदार्थ न चावणे, मऊ व कोमट आहार घेणे, दात नेहमीप्रमाणे पण हलक्या हाताने घासणे आणि दंतवैद्याने सांगितलेली वेदनाशामके वेळेवर घेणे एवढ्याने बहुतेकांना आराम पडतो. वेदना कमी होण्याऐवजी वाढत गेली, चेहऱ्यावर सूज आली किंवा ताप आला तर पुन्हा दंतवैद्याकडे जावे लागते. मगज गेलेला, बराचसा पोखरलेला दात तुलनेने ठिसूळ असतो, म्हणून दाढांवर नंतर टोपी बसवली जाते. अर्धवट उरलेल्या मुळाच्या नळीत धातूचा खुंट बसवून त्यावर कृत्रिम दात उभारण्याची रीत फोशार यांनीही वर्णिली आहे.

दातातील किडा

दाताच्या पोकळीत एक किडा असतो आणि तो दात कुरतडतो, ही समजूत प्राचीन बॅबिलोनपासून अनेक संस्कृतींत आढळते. मराठीत दाताला 'कीड लागते' असे आपण आजही म्हणतो. त्या शब्दातही तीच कल्पना डोकावते. फोशार यांनी किडलेल्या दातांतील व दातांवरील मळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि कुरतडणारा किडा आढळत नाही असे जाहीर केले. क्वचित कोणाच्या दातात अळी सापडली तरी ती अन्नाबरोबर आलेली असावी आणि किडीचे कारण ती नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष होता. गोड पदार्थ व साखर दातांना घातक आहेत, हेही त्यांनी स्पष्टपणे सांगितले. साखर ही त्या काळी श्रीमंतीची खूण होती आणि त्यांचे बरेचसे रुग्ण त्याच वर्गातले होते.

हिरड्यांचा दाह, दातांवरील खडा आणि दात हलणे यांचा परस्परसंबंधही त्यांनी ओळखला. दातांच्या आधारऊतींच्या या रोगाला फ्रान्समध्ये पुढे काही काळ त्यांच्याच नावाने ओळखले जाई.

मर्यादा

फोशार आपल्या काळाचेही होते. दातदुखीवर रुग्णाने स्वतःच्या ताज्या मूत्राने सकाळ-संध्याकाळ चुळा भराव्यात असा सल्ला त्यांनी दिला आहे. तो आज विचित्र वाटला तरी अशा उपायांचा त्या काळच्या औषधोपचारात सर्रास समावेश होता. दात घासण्याच्या ब्रशाविषयी त्यांचे मत प्रतिकूल होते. प्राण्यांच्या केसांचे राठ ब्रश दात व हिरड्या झिजवतात असे मानून ते ओल्या स्पंजाने दात पुसायला सांगत. शिशाची विषबाधा त्यांच्या लक्षात आली नव्हती. एका माणसाचा दात काढून दुसऱ्याच्या तोंडात बसवण्याचे प्रयोगही त्यांनी केले. अशा रोपणासाठी दात देणारे बहुधा गरीब असत, ही त्यातील अप्रिय बाजू आहे.

खासगी जीवन

व्यवसायातून फोशार यांनी चांगली संपत्ती मिळवली आणि १७३४ मध्ये पॅरिसजवळ बुर-सूर-इव्हेत परिसरातील ग्रां-मेनिल ही गढी विकत घेतली. त्यांची पत्नी एलिझाबेत नाट्यव्यावसायिक कुटुंबातील होती. तिच्या माहेरच्या द्युशमँ घराण्यातील तरुणाला त्यांनी आपली विद्या शिकवली. त्यांचा मुलगा जाँ-बातिस्त हा प्रथम वकील झाला. नंतर मात्र आजोळच्या वळणावर जाऊन नट बनला. गढीच्या नावावरून घेतलेल्या 'ग्राँमेनिल' या नावाने तो गाजला आणि मोलिएरच्या नाटकातील कंजूष आर्पागाँच्या भूमिकेसाठी प्रसिद्ध झाला.

फोशार यांचे मार्च १७६१ मध्ये पॅरिस येथे निधन झाले.

प्रभाव

फोशार यांच्या हयातीतच फिलिप फाफ या जर्मन दंतवैद्याने १७५६ मध्ये उघड्या पडलेल्या मगजावर सोन्याचा पातळ पत्रा ठेवून तो जिवंत राखण्याची पद्धत मांडली. १८३८ मध्ये अमेरिकेत एडवर्ड मेनार्ड यांनी घड्याळाच्या स्प्रिंगची तार घासून मुळाची नळी साफ करणारे हत्यार बनवले; विस्तवात नरम केलेल्या सुईचे काम आता त्याने होऊ लागले.

फोशार यांच्या ग्रंथाची तिसरी आवृत्ती १७८६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, निघाली. इंग्रजी वाचकांना मात्र तो बराच काळ मुळातूनच वाचावा लागे. संपूर्ण इंग्रजी अनुवाद १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. तो लिलियन लिंडसे यांनी केला. ब्रिटनमध्ये दंतवैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. लंडनमधील दंतवैद्यकीय शाळेने त्यांना स्त्री म्हणून प्रवेश नाकारला होता. १८९५ मध्ये त्या एडिंबरा येथून उत्तीर्ण झाल्या. फोशार यांच्या नावाची आंतरराष्ट्रीय अकादमी १९३६ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली.